आज ३१२ वेळा पडले : जगलिंग शिकायच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

आधी कबुली देऊन टाकते. गिटार, स्केचिंग आणि एक परकी भाषा, तिन्ही गोष्टी माझ्याकडे अर्धवट पडून आहेत आणि तिन्ही सोडताना कारण एकच होतं, आपल्याला जमत नाहीये हे रोज रोज बघायचा कंटाळा आला. पण तीच मी गेल्या महिन्यात सेलेस्ट नावाच्या गेममध्ये (२०१८ चा गेम आहे, एक मुलगी डोंगर चढते, गोष्ट म्हणाल तर एवढीच) एकाच स्क्रीनवर मध्यरात्रीपर्यंत दीडशेच्या आसपास वेळा मेले आणि एकदाही वाटलं नाही की आपण ढ आहोत. त्या गेममध्ये चॅप्टर संपला की तुम्ही किती वेळा मेलात तो आकडा दाखवतात, आणि त्या आकड्याचा अभिमान बाळगा असं गेमच तुम्हाला सांगतो. मी बाळगला पण!

म्हणजे चिकाटी आहे माझ्यात, पण गेमच्या बाहेर आली की कुठूनतरी गळून जाते. ते भोक शोधायचं, हा प्रकल्प.

विषय मुद्दाम असा निवडलाय की ज्यात चूक लपवताच येणार नाही. तीन चेंडूंचं जगलिंग, म्हणजे दोन हातांनी तीन चेंडू फेकत-झेलत हवेत खेळवत ठेवायचे. त्यातला सगळ्यात साधा प्रकार म्हणजे कॅस्केड, प्रत्येक चेंडू एका हातातून कमानीसारखा दुसऱ्या हातात जातो, हवेत आडवा आठ काढल्यासारखं दिसतं. मुदत ८ आठवडे. टार्गेट सलग ६० सेकंद. ६० हा आकडा माझ्या मनाचा नाही, २००४ मध्ये नेचर या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात लोकांना तीन महिने तीन चेंडूंचं जगलिंग शिकवलं, कसोटी होती किमान ६० सेकंद न पाडता, आणि मग मेंदूचं स्कॅन केलं तर हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागात ग्रे मॅटर वाढलेलं दिसलं. माझा मेंदू कोणी स्कॅन करणार नाहीये, पण आकडा ढापला.

नियम एकच, रोज चेंडू किती वेळा पडले ते लिहायचं.

आज : २० मिनिटं, ७४ वेळा पडले, बेस्ट ३ कॅच. त्यातला तिसरा कॅच छातीवर आपटून हातात आला, तो धरायचा की नाही यावर स्वतःशीच वाद घातला आणि धरला.

३ फेब्रुवारी

एक्सेल शीट बनवली. प्रत्येक कॅचला १ पॉइंट, ५० पॉइंटला लेव्हल अप, प्रत्येक लेव्हलला नाव (शिकाऊ, उमेदवार, हातखंडा, वगैरे वगैरे), दर पाच लेव्हलला एक बॅज, आणि बॅजचा सेल आपोआप सोनेरी होतो. यात दोन तास गेले. प्रॅक्टिस १० मिनिटं झाली. लिहून ठेवते, पुढे कामी येईल.

७ फेब्रुवारी

आलं कामी. चार दिवसात मी लेव्हल ६ ला पोचले आणि तीन चेंडू अजूनही ३ कॅचच्या पुढे जात नाहीयेत. कारण सोपं आहे, दोन चेंडूंच्या कॅचलाही १ पॉइंट आणि तीनच्याही कॅचला १ पॉइंट, मग हात आपोआप दोन चेंडूच उचलतात. कोणी सांगितलं नव्हतं तसं करायला, मी स्वतःच बनवलेल्या नियमातून स्वतःच पळवाट काढली आणि वर सोनेरी सेल बघून बरंही वाटलं. काल रात्री तर झोपायच्या आधी ‘फक्त १२ पॉइंट राहिलेत’ म्हणून उठून दोन चेंडू फेकले. शिकणं कुठे होतं यात?

यावर १९७३ चा एक जुना प्रयोग आहे, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा. बालवाडीतली मुलं, ज्यांना चित्रं काढायला आधीपासूनच आवडायचं. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना काहीच न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुलं काय करतात ते गुपचूप पाहिलं, तर बक्षीस आधी कबूल केलेली मुलं चित्रांकडे बाकीच्यांच्या जेमतेम निम्मा वेळ वळत होती. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे घोळ बक्षिसाचा नाही, ‘यासाठी हे कर’ या सौद्याचा आहे.

गेमिफिकेशन म्हणून जे सगळीकडे चिकटवलेलं असतं, पॉइंट, बॅज, लीडरबोर्ड, ते सगळं गेमची साल आहे असं माझं मत होत चाललंय. सेलेस्टमध्ये मी त्या स्क्रीनवर दीडशे वेळा मेले तेव्हा मला कुठले पॉइंट मिळत होते? शून्य.

शीट डिलीट. फक्त पडल्याचा आकडा ठेवला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ताई आणि भाचा आलेले. भाचा बारा वर्षांचा आहे, हातात कंट्रोलर धरूनच जन्माला आल्यासारखा. मी प्रॅक्टिस करत होते, तो सोफ्यावर आडवा पडून बघत होता, दहाएक मिनिटांनी वैतागून म्हणाला, “अगं मावशी, तू मेल्यावर इतका वेळ काय करत असतेस? परत स्टार्ट कर ना पटकन.”

मी म्हटलं अरे चेंडू उचलायला नको का, एक सोफ्याखाली जातो, एक टेबलाच्या पायाला लागून दाराकडे जातो. तो म्हणाला, “मग हा गेमच खराब आहे. लोडिंगच केवढं!”

हसले, पण मग स्टॉपवॉच लावलं. एक प्रयत्न २ ते ३ सेकंद. चेंडू गोळा करून परत उभं राहायला सरासरी १४ सेकंद. म्हणजे २० मिनिटांच्या प्रॅक्टिसमध्ये मी साडेसोळा मिनिटं वाकत होते! आणि प्रत्येक वेळी सोफ्याखाली हात घालताना डोक्यात काय चालू असायचं, तर ‘कशाला हे उद्योग’. गिटारचंही तेच असणार, केसमधून काढा, ट्यून करा, कुठला तुकडा चुकत होता ते शोधा. चुकीचं दुःख एवढंसंच असतं, चुकीनंतरची हमाली फार असते.

सुपर मीट बॉय (२०१०) ज्यांनी खेळलाय त्यांना माहिती असेल, करवतीवर आपटून मेलात की पापणी लवायच्या आत परत सुरुवातीला उभे, ना म्युझिक थांबत, ना ‘गेम ओव्हर’ची पाटी. मेल्याबद्दल वाईट वाटून घ्यायला फटच ठेवलेली नाही. याउलट ते तीन लाइफ आणि गेम ओव्हर, ते आलं कुठून? आर्केडमधून. स्पेस इन्व्हेडर्स १९७८, पॅकमॅन १९८०, तिथे तुम्ही हरलात की मशीन पुढचं नाणं मागतं, धंदाच तो. शिकवण्याशी त्याचा संबंध नव्हता. पुढे गेम घरी आले, नाण्याचा खाचा गेला तरी तीन लाइफ कितीतरी वर्षं सवयीने राहिल्या. आपल्या कितीतरी परीक्षा पण त्यातल्याच, नापास झालात तर रीस्पॉन टाइम (मेल्यावर परत उभं राहायला लागणारा वेळ) कधीकधी एक वर्ष.

उपाय भाच्यानेच सुचवला, पलंगापाशी उभी राहा. मांड्या पलंगाला टेकतील इतकं जवळ, खाली जाड रजई, आणि टेनिस बॉलऐवजी दाणे भरलेले कापडी चेंडू, जे पडले की थप्प होऊन तिथेच बसतात. पडलं, उचललं, सुरू. ३ सेकंद.

१० फेब्रुवारी

२० मिनिटं, १९८. बेस्ट ४. एका दिवसात प्रयत्न अडीचपटीच्या वर गेले आणि त्यासाठी इच्छाशक्ती वगैरे काहीही वाढवावी लागली नाही, फक्त उभं राहायची जागा बदलली.

१२ फेब्रुवारी

३० मिनिटं, ३१२. बेस्ट ५. मान दुखतेय. पण मजा येतेय, हे पहिल्यांदाच लिहितेय.

१४ फेब्रुवारी

मजेचा भर ओसरला. तीन दिवस झाले, बेस्ट पाचवरच अडकलाय. स्वस्तात रीस्टार्ट मिळाला की दुसरी गोष्ट होते जी मला गेममधूनच ओळखीची आहे, आपण बटणं बडवायला लागतो. विचार बंद, फेक, पडलं, फेक, पडलं. तीनशे वेळा तीच चूक केली तर ती चूकच पाठ होणार ना.

गेममध्ये मेल्यावर तुम्ही कुठे मेलात ते समोर दिसतं. त्या खांबाला आपटले, उडी लवकर मारली, संपला विषय. इथे मात्र अर्ध्या सेकंदात तीन चेंडू तीन दिशांना जातात आणि मला कळतं फक्त ‘पडलं’. तेवढ्यावर काय सुधारणार, कपाळ!

म्हणून आज पडण्याला नावं दिली. फोनवर रेकॉर्डर चालू ठेवला आणि प्रत्येक वेळी पडल्यावर नुसतं एक अक्षर ओरडायचं. पु म्हणजे चेंडू पुढे गेला, ट म्हणजे हवेत टक्कर, दे म्हणजे दुसरा चेंडू वर फेकायच्या ऐवजी बाजूच्या हातात देऊन टाकला (हे बऱ्याच नवशिक्यांचं होतं, डाव्या हाताला फेकायची भीती वाटते म्हणून तो चोरून उजव्याला देतो), आणि बाकीचे बा. शेजाऱ्यांना भिंतीपलीकडून काय वाटलं असेल देव जाणे.

१०० वेळा पडल्याचा हिशेब : पु ४६, ट २९, दे १४, बा ११.

आता पु एवढे का, म्हणून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. तो बघणं हा एक वेगळाच अपमान होता. पहिला चेंडू उजव्या हातातून सुटतो, छान वर चाललाय, अजून हनुवटीपाशीच आहे, आणि डावा हात घाबरून दुसरा सोडूनही देतो. मग दोघे एकमेकांच्या वाटेत, टक्कर. टक्कर चुकली तर दुसरा वेडावाकडा जातो, त्याला पकडायला हात पुढे ताणला जातो, आणि ताणलेल्या हातातून तिसरा अर्थातच पुढेच उडतो. म्हणजे ट आणि पु या दोन चुका नाहीतच, एकाच घाईची दोन पोरं आहेत. आणि सगळ्यात भारी म्हणजे तिसरा फेकताना माझे डोळे मिटलेले आहेत. गच्च. मी आठवडाभर आंधळेपणाने जगलिंग करत होते आणि मला पत्ता नव्हता.

१७ फेब्रुवारी

काल-परवा डोक्यात एक गोष्ट लख्ख पडली आणि तेव्हापासून तीच घोळतेय. मी ज्या पद्धतीने प्रॅक्टिस करतेय त्यात यशस्वी प्रयत्न असा काही असूच शकत नाही! कारण मी पडेपर्यंत फेकते. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाचा शेवट पडण्यातच. पाच कॅच केले तरी शेवट पडून, उद्या पन्नास केले तरी शेवट पडून. हातांना कधी ‘झालं, जमलं’ असा निरोपच मिळत नाही.

गेममध्ये लेव्हलला शेवट असतो. झेंडा असतो, दार असतं. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आठवा, तो गेम बनवणाऱ्या मियामोतोंनी ती अशी बांधलीय की कुठलीही सूचना न वाचता खेळणारा शिकतो. सुरुवातीला तुम्ही डाव्या बाजूला उभे, उजवीकडे सगळं रिकामं, म्हणजे जायचं उजवीकडे हे कळतं, मग समोरून एकच शत्रू हळूहळू येतो, त्याला लागलात तर मेलात पण सुरुवात तिथेच चार पावलांवर आहे, एक लाइफ सोडली तर गमावलं काहीच नाही. एका वेळी एकच नवी गोष्ट.

तर आता लेव्हल अशा.

एक चेंडू, डोळ्यांच्या उंचीवर, या हातातून त्या हातात, शांतपणे. मग दोन चेंडू : फेक, फेक, झेल, झेल, थांब. दुसरा तेव्हाच सोडायचा जेव्हा पहिला सगळ्यात वर पोचून क्षणभर थबकतो. मग तीन चेंडू, तीन फेक, तीन झेल आणि थांब. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, हातात चेंडू घेऊन, श्वास सोडून. मग चार फेक आणि थांब, पाच आणि थांब, असं एकेक वाढवत. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची लेव्हल.

आठ का? २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक पेपर आला होता, त्यात गणिताने दाखवलंय की ठरावीक पद्धतीने शिकणाऱ्या यंत्रासाठी चुकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हा शिकणं सगळ्यात वेगात होतं. तो हिशेब हो-नाही प्रकारच्या कामांचा आहे, माणसाच्या मनगटाला तसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही, पण मी कालपर्यंत १०० टक्क्यांवर शिकत होते, त्यापेक्षा काहीही बरं.

आज : २० मिनिटं, पडले फक्त ५८. आणि पहिल्यांदाच ‘जमले’ असा कॉलम आहे, त्यात १०३. तीन-फेक-थांब ही लेव्हल पार, दहात नऊ. डोळे उघडे.

२६ फेब्रुवारी

आठ दिवस नोंद नाही. १८ ला प्रॅक्टिस केली, ती सलग सतरावी. १९ ला ताप आला, तो २१ ला गेला. मग २२ ते २५ काय केलं? काही नाही. खरं कारण हे की भिंतीवरच्या कॅलेंडरवर सतरा फुल्या मारून झाल्या होत्या, सलग, आणि ती माळ तुटली होती. परत १ पासून सुरू करायचं या विचारानेच पाय जड झाले. तापाने तीन दिवस खाल्ले, माळेने चार.

ही माळ, स्ट्रीक म्हणतात ती, मी पॉइंटसोबत फेकून द्यायला हवी होती, ती मागच्या दाराने आत आली. चालू असेपर्यंत तिच्यासारखी गोष्ट नाही, आणि तुटली की एका दिवसाची शिक्षा सतरा दिवसांची. कुठल्याही बऱ्या गेमने इतकं निर्दयी असू नये. डार्क सोल्स (२०११) हा कठीणपणासाठी बदनाम गेम, पण त्यातसुद्धा मेलात तर तुम्ही साठवलेले सोल्स (त्या गेममधली कमाई) मेल्या जागी पडून राहतात, परत तिथपर्यंत न मरता पोचलात तर सगळे उचलता येतात. त्या वाटेत परत मेलात तर मात्र गेले. दुसरी संधी एकच आहे, पण आहे.

नवा नियम तिथूनच. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ५ मिनिटं जादा केली की फुली परत मिळते. लागोपाठ दोन चुकले तर त्या दोन जागा रिकाम्या राहतील, पण मागच्या फुल्यांना कोणी हात लावणार नाही. सलग किती हे मोजायचंच नाही, एकूण किती ते मोजायचं. आज अठरावी फुली.

आणि गंमत म्हणजे सात दिवसांच्या सुट्टीनंतर गंज चढला असेल म्हणून भीत भीत उभी राहिले तर चौथ्या प्रयत्नात सात कॅच आणि थांब.

२ मार्च, रविवार

आज वाचत बसले. माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅनन, ज्याचा १९४८ चा पेपर म्हणजे आजच्या सगळ्या डिजिटल संपर्काचा पाया, त्याला जगलिंगचं वेड होतं, त्याने जगलिंग करणारं यंत्रही बनवलं होतं आणि जगलिंगचं एक समीकरणसुद्धा मांडलं होतं. मराठीत सांगायचं तर (चेंडू हवेत असण्याचा वेळ + हातात असण्याचा वेळ) × हात = (हात रिकामा असण्याचा वेळ + हातात चेंडू असण्याचा वेळ) × चेंडू.

मला यातून कामाचं एकच मिळालं, हवेतला वेळ वाढवला की सगळं सैल होतं. पण हा वेळ महाग आहे. हाताच्या वर अर्धा मीटर फेकलं तर चेंडू साधारण ०.६४ सेकंद हवेत, एक मीटर फेकलं तर ०.९ च. वेळ दुप्पट हवा तर उंची चौपट लागते, आणि तेवढं उंच फेकलं की मनगटाची एवढीशी तिरकी चूक वर जाऊन हातभर होते. म्हणजे उंची हा कठीणपणाचा स्लायडर आहे पण दोन्ही टोकांना काटे असलेला. माझ्यासाठी कपाळाच्या किंचित वर ही जागा बरी निघाली.

तेवढ्यावरही अडलं तर वजन काढून टाकायचं. झिरझिरीत कापडाचे तीन रुमाल, ते वर फेकले की तरंगत तरंगत खाली येतात. क्रम तोच, आडवा आठ तोच, पण सगळं जणू पाण्याखाली चाललंय. एका लेव्हलला लागोपाठ पाच वेळा पडलं की दोन मिनिटं रुमाल, मग परत चेंडू. भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे ही चीटिंग आहे. मी म्हटलं सेलेस्टमध्ये असिस्ट मोड असतो की, गेमचा वेग कमी करता येतो. तो म्हणाला, “हो, पण मी कधी वापरला नाही.” बरं बाबा.

५ मार्च

११ कॅच. लेव्हल आता नऊ-फेक-थांब. बाकी काही नाही.

९ मार्च, रविवार

आजचं सविस्तर लिहिते.

ताई आणि भाचा परत आले. मी अकरा कॅच करून दाखवले, तो म्हणाला दे इकडे. मला वाटलं हा पोरगा तासाभरात मला मागे टाकणार, ज्याला गेममधल्या एका बॉसकडून (म्हणजे तगड्या शत्रूकडून) शंभर वेळा मार खायची सवय आहे त्याला पलंगावर पडणारे चेंडू काय घाबरवणार. पहिल्यांदा फेकले, पडले. ताई म्हणाली, “अरे नीट बघून फेक ना.” दुसऱ्यांदा पडले. मी म्हटलं, दुसरा लवकर सोडतोयस. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. ताई हसली, वाईट हेतूने नाही, पण हसली. सहाव्यांदा पडले तसे त्याने चेंडू पलंगावर टाकले आणि म्हणाला, “बोअर आहे हे.” आणि फोन घेऊन बसला.

सहा! मी बघतच राहिले. मग लक्षात आलं की गेममध्ये तो मरतो तेव्हा मागे कोणी उभं नसतं. दार लावलेलं असतं, हेडफोन असतात. मीही सेलेस्ट मध्यरात्रीच खेळत होते ना, एकटीच. आणि गिटारच्या क्लासला मात्र आठ जणांसमोर चुकायचे. रीस्टार्ट स्वस्त आहे, चूक कळतेय, सगळं आहे, पण मागून कोणी बघत असेल तर प्रत्येक पडण्याची किंमत वाढते, आणि ती माझ्या स्टॉपवॉचमध्ये येतच नव्हती.

मी ताईला म्हटलं चल आपण बाहेर बसू, जरा बोलायचंय. काही बोलायचं नव्हतं. जाताना भाच्याला नुसतं सांगितलं की चेंडू तिथेच राहू देत, आणि दार ओढून घेतलं.

पाचेक मिनिटं काही नाही. मग थप्प. थोड्या वेळाने थप्प थप्प. ताई उठायला लागली, मी तिचा हात धरला. थप्प. मध्येच एक “शी!” आणि परत थप्प. चाळीस मिनिटं हे चाललं होतं, मी घड्याळ बघत होते. मग दार उघडलं, केस घामाने चिकटलेले, चेहरा मुद्दाम निर्विकार ठेवलेला, आणि पाणी पिता पिता म्हणाला, “चार झाले.” मग दोन घोट घेऊन, “पाच झाले असते, तू सांगितलंस तसं दुसरा लवकर सुटला.”

दाखव असं मी म्हटलं नाही. ताई म्हणणार होती, मी डोळे वटारले.

जाताना माझे जुने टेनिस बॉल घेऊन गेला. पलंगाचं सांगितलं. अक्षरांचंही.

१६ मार्च, रविवार

२७ कॅच. पण एक नवा आजार. मागचा रेकॉर्ड १९ होता, तो मोडायच्या आधी चार दिवस मी नेमकी १८-१९ लाच पाडत होते. अक्षर कुठलं द्यायचं तेही कळेना, पु नाही, ट नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर मी कॅच मोठ्याने मोजतेय आणि सतरापासून आवाज चढतोय, अठरा म्हणताना तर किंचाळतेय जवळजवळ. हात चेंडू फेकत होते आणि डोकं आकड्याकडे बघत होतं. मोजणं बंद केलं, फोन पाठीमागे ठेवून व्हिडिओ लावला, कॅच नंतर मोजायचे. त्याच दिवशी २७. म्हणजे स्कोअर असावा, पण खेळताना तो डोळ्यासमोर लटकू नये.

नवं अक्षर : मो, मोजल्यामुळे पडलं.

२३ मार्च

७१ कॅच, व्हिडिओत २६ सेकंद. आता हात काय करतायत ते मला सांगता येत नाही, आणि सांगायला गेले की पडतं. पलंगापासून एक पाऊल मागे सरकले आज. लोडिंग वाढलं पण पडणंच इतकं कमी झालंय की चालतं.

३० मार्च, रविवार

आठ आठवडे संपले. बेस्ट ४७ सेकंद, १२६ कॅच. साठला १३ सेकंद कमी. एकूण पडले ५,१८६ वेळा, हा आकडा मी तीनदा बेरीज करून पाहिला आणि मोठ्या अक्षरात लिहून कॅलेंडरच्या वर चिकटवला.

नेचरच्या त्या अभ्यासाचा दुसरा भाग मी सुरुवातीला लिहिला नव्हता. तीन महिने शिकवल्यावर पुढचे तीन महिने त्या लोकांना जगलिंग बंद ठेवायला सांगितलं आणि परत स्कॅन केलं, तर वाढलेलं ग्रे मॅटर बरंचसं उतरलेलं होतं. त्यामुळे चेंडू पलंगावरच राहणार आहेत, कपाटात नाही. रोज दहा मिनिटं पुरे.

गिटार काल केसमधून काढून स्टँडवर ठेवली, हात पुढे केला की लागेल अशी.

भाच्याने दुपारी त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. माझ्यासारखेच रकाने, तारखा, रोजचा आकडा, खाली अक्षरं : पु, ट, दे, मो. एक जास्तीचं अक्षर होतं, आ, आणि त्याच्यापुढे २३. पु पेक्षाही जास्त. मी विचारलं हे आ काय रे, असली कुठली चूक मी केलीच नाही.

उत्तर आलं, “आई दार उघडते.”